उरलेली अर्धी गोळी

शालूबाईंना प्रश्न विचारायची सवय कधी लागली, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. लहानपणी विहिरीच्या काठावर पालथं पडून त्या पाण्याला विचारायच्या, तुझ्याखाली अजून किती आहेस म्हणून. लग्न होऊन हडपसरला आल्या तेव्हा घरात उत्तर द्यायला कुणी रिकामं नव्हतं. मग प्रश्न आतल्या आत साठत गेले आणि वयाबरोबर एकेक बाहेर यायला लागले. त्यांच्या मळ्यावर काचेच्या इमारती उभ्या राहिल्या, तेव्हा त्या कुंपणाशी उभ्या राहून वॉचमनला विचारायच्या, "आत एवढी माणसं दिवसभर बसून नक्की करतात काय?" वॉचमन म्हणाला, "मावशी, मलापण कुणी सांगितलं नाय." हे उत्तर त्यांना आवडलं होतं. खोटं नव्हतं.

मळ्यातला कालव्याकडचा एक पट्टा तेवढा राहिला होता. त्यात त्या मेथी, शेपू, पुदिना करायच्या. नवरा गेनबा न्यूमोनियानं गेला त्याला दोन पावसाळे झाले होते. मुलगा विश्वजीत मगरपट्ट्यात नोकरीला. मुलगी तेजस्विनी नेदरलँड्समध्ये. तिला दिवस गेले होते आणि तिची सासू लग्नाच्या आधीच वारलेली. बाळंतपणाला आईनंच जायचं, हे कुणी बोलून ठरवायची गरज पडली नाही. शालूबाईंनी डिंक आणि आळीव आणून ठेवले, बाळंतशोपा उन्हात घातल्या. पासपोर्ट झाला. व्हिसासाठी प्रवासाचा विमा लागतो असं कळलं, तेव्हा विश्वजीतनं जेवता जेवता फोन हातात घेतला.

"दोन मिनिटांचं काम आहे, आई. व्हिसाला लागतो म्हणून काढायचा. कोण वाचतं ते सगळं?"

"कुणी वाचत नाय, तर लिहितात कशाला?"

"लिहायचं असतं म्हणून."

शालूबाईंना टेम्पो आठवला. गेनबा भाजी मंडईत न्यायचा तो. एकदा उंदरांनी त्याच्या वायरी कुरतडल्या. टेम्पोचा विमा होता, म्हणून माणूस बघायला आला. त्यानं बॉनेट उघडून आत टॉर्च मारला आणि म्हणाला, उंदीर म्हणजे अपघात नव्हे. गेनबा शांतपणे म्हणाला होता, "मग काय, ठरवून आलावता व्हय उंदीर?" तेव्हापासून शालूबाईंच्या मनात बसलं होतं की विमा म्हणजे एक कुंपण. आत काय आणि बाहेर काय, हे कुंपण घालणाऱ्याला ठाऊक असतं. आत उभ्या असलेल्या माणसाला ते बहुधा नुकसान झाल्यावर कळतं.

"ठेव तो फोन," त्या म्हणाल्या. "मी चांदभाईंकडं जाते. मला तोंडानं सांगणारं माणूस पायजे."

गाडीतळाजवळ चांदभाईंचं तिकिटांचं दुकान होतं. रेल्वे, विमान, मक्केला उमराहच्या यात्रा, व्हिसाची कामं. चांदभाईंचे वडील मंडईत गेनबाच्या वडिलांच्या शेजारी लिंबं विकायचे, एवढी जुनी ओळख. आता चांदभाई गल्ल्यावर बसत, आणि संगणकाचं सगळं त्यांची मुलगी मिसबा बघायची. दुपारचं ऊन दुकानाच्या उंबऱ्यापर्यंत येऊन थांबलं होतं. शालूबाई त्यावर पाय ठेवून आत आल्या आणि खुर्ची मिसबाच्या टेबलाजवळ ओढून बसल्या.

"बोल गं. काय काय धरलंय ते सांग. आणि काय धरलं नाय, ते आधी सांग."

मिसबा हसली. "लोक उलटं विचारतात, मावशी. आणि बरेचसे विचारतच नाहीत."

"तिकडं बर्फ असतो. घसरून पडले नि पाय मोडला तर?"

"धरलंय. दवाखाना, ऑपरेशन, सगळं एका मर्यादेपर्यंत. फक्त आधी ह्या नंबरवर फोन करायचा. अचानक जे होतं, त्याच्यासाठी आहे हे."

"दात दुखला तर?"

"एकदम कळ आली तर तेवढ्यापुरतं. नवी कवळी बसवून घ्याल तर नाही."

"बॅग नाय आली विमानातनं?"

"उशीर झाला तर मधल्या काळात कपडे, साबण, जे लागेल ते घ्यायचं. पावत्या ठेवायच्या. त्याचे मिळतात."

"आणि बॅगेत डिंकाचे लाडू असले तर?"

"लाडूंचे नाहीत मिळत. खायच्या वस्तू धरत नाहीत."

"त्यालाच तर खरी मेहनत लागते," शालूबाई म्हणाल्या. "बरं, बॅग मी बाकड्यावर ठेवली नि बाथरूमला गेले. कुणी उचलली. मग?"

"मग नाही. ते म्हणतील, तुम्ही लक्ष ठेवलं नाही."

"खरंच हाय की ते. तेजूचं बाळंतपण?"

"ते तुमच्या विम्यात कसं येईल? प्रवास तुम्ही करताय. तिचा तिथला विमा वेगळा."

"म्हणजे ज्याच्यासाठी चाललेय तेच बाहेर." शालूबाईंनी मान हलवली. तक्रार म्हणून नव्हे. वाफ्यातलं पाणी कुठल्या बाजूनं बाहेर जातं ते सापडल्यावर माणूस हलवतो, तशी. "आणि मला तिथं करमलंच नाय? जीव लागेना, परत यावंसं वाटलं तर?"

"नाही धरत. मन बदललं तर नाही. जायच्या आधी तुम्हीच दवाखान्यात भरती झालात, किंवा घरातलं कुणी गेलं, तर तिकीट रद्द केल्याचे मिळतात."

"आणि मीच तिकडं गेले तर?"

"परत आणतात. किंवा तिथंच सगळं करायचं असेल तर त्याचा खर्च."

"म्हणजे मेलेल्याला परत आणतात. आणि घरच्या आठवणीनं जीव चाललाय त्याला नाय आणत."

गल्ल्यावरून चांदभाई म्हणाले, "वहिनी, मेलेला माणूस बरा असतो. प्रश्न विचारत नाही."

"तुम्हाला काय ठाऊक, चांदभाई? विचारत असंल. ऐकणारे उठून गेलेले असतात."

चांदभाई हसत चहा सांगायला बाहेर गेले. मिसबानं पुढचे प्रश्न काढले. बीपी, शुगर, हृदयाचं काही?

"नाय बा. मला तापसुद्धा येत नाय."

"रोजची काही गोळी?"

"नाय."

मिसबानं तसं भरलं. चहा आला. शालूबाईंनी कमरेचा बटवा काढला, त्यातून गोळ्यांची पट्टी काढली. एक गोळी अंगठ्याच्या नखानं मधोमध मोडली. अर्धी तोंडात टाकून वर चहाचा घोट घेतला, आणि दुसरी अर्धी पट्टीच्या फाटक्या चांदीत नीट गुंडाळून परत ठेवली. हे सगळं माशी हाकलावी इतक्या सहज झालं.

मिसबा बघत राहिली. "ही कसली गोळी, मावशी?"

"ही? ही ह्यांची हाय."

"काकांची?"

"बीपीची. डॉक्टरांनी त्यांना रोज अर्धी सांगितली होती."

"पण काका तर..."

"गेले की."

"मग तुम्ही का घेताय?"

शालूबाईंनी तिच्याकडे पाहिलं. एवढं सरळ कुणी विचारलंच नव्हतं. "उरलेली हाय म्हणून," त्या म्हणाल्या, आणि म्हणता म्हणता त्यांना ते वाक्य पहिल्यांदा ऐकू आलं.

झालं होतं ते असं. एकदा शाळेत तपासणीचं शिबिर लागलं होतं. तिथं शालूबाईंच्या दंडाला पट्टा बांधून एक पोरगी म्हणाली, बीपी जास्त आहे, डॉक्टरांना दाखवा. घरी येऊन त्यांनी गेनबाला सांगितलं. गेनबा तेव्हा चहाबरोबर आपली अर्धी गोळी घेत होता. उरलेली अर्धी भुगा होऊन वाया जायची. त्यानं ती पुढे केली. "माझीच घे की. औषध तेच. एका घरात दोन पाकिटं कशाला?" शालूबाईंनी घेतली. त्यात विचार करण्यासारखं काही नव्हतं. भाकरी उरली की त्यांनी खायची, भाजीच्या तळाचा रस्सा त्यांनी पुसून घ्यायचा, पोरांच्या ताटातला भात त्यांनी संपवायचा. गोळीही तशीच. आजार गेनबाचा होता. शालूबाईंच्या वाट्याला त्यातलं जे उरलं ते आलं.

गेनबा गेला. पट्टी डब्यात होती, ती संपवायची म्हणून त्या घेत राहिल्या. संपली तेव्हा कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्या साईनाथनं विचारलं, "गेनबाअण्णांची नेहमीची?" शालूबाई हो म्हणाल्या. साईनाथला अण्णा गेल्याचं ठाऊक होतं. त्याच्या संगणकाला ठाऊक नव्हतं. महिन्याच्या महिन्याला एक मेलेला माणूस औषध नेत होता. दिवसाआड चार वाजता त्याची बायको गोळीचे दोन भाग करायची. एक स्वतःचा, एक त्याचा. त्याचा ती दुसऱ्या दिवशी खायची.

"मावशी," मिसबा म्हणाली, "मग तुम्हाला बीपी आहे. हे लिहावं लागेल."

"लिहिलं तर?"

"कंपनी कदाचित डॉक्टरचं पत्र मागेल. कदाचित हप्ता वाढवेल. कदाचित म्हणेल, बाकी सगळं देऊ, पण ह्या आजारातनं जे निघेल ते देणार नाही. जुना आजार त्यांना नको असतो."

"आणि नाय लिहिलं तर?"

"पॉलिसी आत्ता निघेल. पण तिथं चक्कर येऊन पडलात, डोक्याला लागलं, तर ते विचारतील, चक्कर कशानं आली? मग मागचं सगळं उकरतील. लपवलं असं ठरलं, तर पैसे देत नाहीत."

चांदभाईंनी कप खाली ठेवला. "उकरून सापडणार काय पण? डॉक्टरचा कागद गेनबाचा. मेडिकलचं बिल गेनबाचं. वहिनींचं नाव आहे कुठं?"

हे खरं होतं. शालूबाईंना ते विलक्षण वाटलं. इतकी वर्षं एक आजार आपल्या अंगात राहतोय आणि त्याचा पत्ता दुसऱ्याच माणसाचा आहे. कुणीही शोधत आलं तर ते गेनबाच्या दारात जाऊन थांबेल, आणि तिथून पुढं जायला रस्ता नाही.

"अब्बू, तुम्ही चहा प्या," मिसबा म्हणाली. मग शालूबाईंकडे वळली. "कंपनीचं सोडा, मावशी. तुम्ही तिथं पडलात. बोलता येईना. तिथला डॉक्टर तेजूताईला विचारणार, तुमची आई रोज काय घेते? ती काय सांगेल?"

शालूबाईंनी विचार केला. तेजू सांगेल, काही नाही. माझ्या आईला तापसुद्धा येत नाही. ती अगदी खात्रीनं सांगेल.

"ते पुसून टाक," त्या म्हणाल्या. "ते 'नाय' लिहिलेलं. मी परत येते."

घरी विश्वजीत हे ऐकून वैतागला. "आई, अगं अर्धी गोळी. अर्धी. कशाला उघडायचं? उद्या डॉक्टर म्हणाले, विमानात बसू नका, मग?"

"मग नाय बसायचं."

"आणि तेजूला काय सांगायचं? ती दिवस मोजतेय तिथं."

हाच एक प्रश्न होता ज्याला त्या भीत होत्या. वाळत घातलेल्या बाळंतशोपा त्यांनी सुपात गोळा केल्या आणि कालव्याकडच्या पट्ट्यात जाऊन बसल्या. पलीकडच्या इमारतींच्या काचांत ऊन उतरत होतं. आत माणसं होती, ती काय करतात ते अजून कळलं नव्हतं. आपण सगळ्यांना विचारलं, त्यांच्या मनात आलं. विहिरीला विचारलं, वॉचमनला विचारलं, आज त्या पोरीला दातापासून मरणापर्यंत विचारलं. रोज चार वाजता आपल्या पोटात एक पांढरा तुकडा जातो, तो आत जाऊन कुणाशी काय बोलतो, हे मात्र आपण एकदाही विचारलं नाही. कारण तो आपला नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्या डॉक्टर दीनानाथांच्या दवाखान्यात गेल्या. गेनबाचे तेच डॉक्टर.

"तुम्ही?" डॉक्टर म्हणाले. "तुम्ही कधी दाखवायला आला नाहीत."

"दर महिन्याला येत होते की. ह्यांच्याबरोबर."

"बाहेर बाकावर बसायचात."

"व्हय. आत त्यांचं काम असायचं."

त्यांनी सगळं सांगितलं. डॉक्टरांनी ऐकून घेतलं, रागावले नाहीत. दंडाला पट्टा बांधला, हवा भरली, सोडली, पुन्हा भरली. हृदयाचा आलेख काढला. रक्त घ्यायला लावलं.

"बीपी चांगलंच आहे तुमचं," ते म्हणाले. "म्हणजे वाईट. ती अर्धी गोळी गेनबांच्या शरीराच्या मापाची होती. तुम्हाला ती पुरत नाही, आणि पुरतेय असं तुम्हाला वाटत राहिलं. आता ही दुसरी लिहून देतो. अख्खी घ्यायची."

"अख्खी?"

"अख्खी. मोडायची नाही. पंधरवड्यानं या."

"आणि जायचं?"

"पंधरवड्यानं सांगतो."

बाहेर आल्यावर शालूबाईंना तो बाक दिसला. आज त्यावर दुसरीच एक बाई बसली होती, मांडीवर नवऱ्याची पिशवी धरून. शालूबाई तिच्यापाशी थांबल्या. "तुमचं बघितलं का कधी?" त्यांनी विचारलं. बाई म्हणाली, "मला काय झालंय?" शालूबाई लगेच हलल्या नाहीत.

साईनाथनं त्यांना येताना पाहिलं आणि सवयीनं हात त्या कप्प्याकडे नेला. "अण्णांची नेहमीची ना?"

"नाय. ती बंद कर आता." त्यांनी नवा कागद पुढे केला. "ही माझी."

साईनाथनं कागद वाचून पाहिला. मग संगणकावर काहीतरी पुसायला गेला आणि थांबला. "अण्णांचं नाव काढू?"

शालूबाईंनी बटव्यातली जुनी पट्टी चाचपली. "काढ," त्या शेवटी म्हणाल्या. "त्यांना आता काय होतंय."

त्या पंधरवड्यात चार वाजले की अंगठ्याचं नख गोळीच्या मधोमध जाऊन टेकायचं. नव्या गोळीवर मोडायची रेघही नव्हती, तरी नख ती शोधायचं. मग त्या तशीच अख्खी तोंडात टाकायच्या. गिळताना वाटायचं, आपण दुसऱ्याच्या वाट्याचंही खातोय. आठवड्याभरानं तसं वाटणं कमी झालं. सकाळचं डोकं जड असायचं, ते हलकं झालं. जड होतं हे हलकं झाल्यावर कळलं. लाडू वळायचे की नाही, हे मात्र त्यांना ठरवता येईना. डिंक डब्यात तसाच राहिला. तेजूच्या फोनवर त्या हवापाण्याचं बोलत राहिल्या.

पंधरवड्यानं डॉक्टरांनी पट्टा सोडला आणि म्हणाले, "जा. बीपी उतरलंय, आलेख ठीक आहे. गोळ्या पुरतील एवढ्या न्या, आणि हे पत्र जवळ ठेवा." पत्र इंग्रजीत होतं. शालूबाईंनी नावाच्या ओळीवर बोट ठेवून वाचून घेतलं. शालन गेनबा ससाणे. गेनबा मधेच होता. नेहमीसारखा, स्वतःहून काही न बोलता.

मिसबानं यावेळी सगळं खरं भरलं आणि पत्र जोडलं. कंपनीचं उत्तर यायला वेळ लागला नाही. पॉलिसी देतो, पण बीपी आणि त्यातून जे उद्भवेल ते धरणार नाही. फक्त जिवाला धोका झाला, तर तो टळेपर्यंतचे उपचार, तेही मर्यादेत.

"म्हणजे मरायला टेकले की धरतात," शालूबाई म्हणाल्या, "आणि जरा सावरले की सोडतात."

"तसंच काहीसं."

"कालव्याचं पाणी सोडतात तसं. पीक जळायला आलं की येतं, भिजलं की बंद." त्यांना ते पुरेसं चमत्कारिक वाटलं, आणि पटलंही. "नसतं लिहिलं, तर हा कागद कसा दिसला असता गं?"

"सगळं धरलेलं दिसलं असतं."

"नि असतं का?"

"नसतं. नुसतं दिसलं असतं."

शालूबाईंनी कागदाची घडी घातली. असंच टेम्पोच्या विम्याच्या त्या माणसानंही आधीच येऊन उंदराचं सांगितलं असतं तर बरं झालं असतं, असं त्यांच्या मनात आलं. निदान एक मांजर पाळलं असतं.

चांदभाई गल्ल्यावरून म्हणाले, "वहिनी, एवढी विचारपूस करून विमा घेणारं माणूस मी पहिल्यांदा बघतोय. कंपनीनं तुमच्याकडं शिकवणी लावायला पाहिजे."

"मग तुम्हीपण या शिकवणीला. तुमचं बीपी कधी बघितलंय?"

चांदभाई पेपर वाचायला लागले. मिसबा वडिलांकडे बघत राहिली.

घरी येऊन त्यांनी डिंक तळायला घेतला. लाडू मोठ्या बॅगेत जाणार, कारण त्यांचे पैसे तसेही कुणी देणार नव्हतं. गोळ्या आणि पत्र हातातल्या पिशवीत, कारण बॅग उशिरा आली तर कंपनी साबणाचे पैसे देते, पण गोळी आणून देत नाही. चार वाजता तेजस्विनीचा फोन आला. तिकडे सकाळ होती. पोट सावरत ती खिडकीपाशी बसली होती.

"आई, विमा झाला का?"

"झाला. बीपी सोडून सगळ्याचा."

"कुणाचं बीपी?"

"माझं."

"तुझं कुठलं? बीपी बाबांना होतं."

"त्यांना होतं. मलापण होतं. मी त्यांचंच समजत होते."

कढईत डिंक फुलत होता, त्याचा बारीक आवाज तेवढा दोन्हीकडे ऐकू येत होता. मग तेजस्विनीनं शेजारची वही ओढली.

"कधीपासून? किती असतं? गोळी कुठली, सकाळी की संध्याकाळी? उपाशीपोटी चालते का? थांब, एकेक सांग. नाव दाखव आधी."

शालूबाईंनी गॅस बारीक केला, चष्मा लावला, आणि पट्टी फोनसमोर धरली.

"उलटी धरलीयेस, आई."

त्यांनी ती सुलटी केली.